जवळच्या शेतातली ताजी स्ट्रॉबेरी: पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

केळं कच्चं आणलं तरी बिघडत नाही. चार दिवस टोपलीत राहिलं की आतल्या पिठाची साखर होते आणि ते आपोआप गोड होतं. स्ट्रॉबेरीचं तसं नाही. तिच्या पोटात असा पिठाचा साठा नसतो, त्यामुळे देठ तुटला की पिकणं तिथेच संपतं. नंतर ती आणखी लाल होईल, मऊही पडेल, पण गोडी तोडताना होती त्यापेक्षा तिळभरही वाढणार नाही.

ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की बाकी सगळं आपोआप कळत जातं. लांबच्या बाजारात पाठवायचं फळ पूर्ण पिकेपर्यंत झाडावर ठेवता येत नाही, कारण पिकलेली स्ट्रॉबेरी प्रवासात टिकत नाही, डबीच्या तळाशी तिचा लगदा होतो. म्हणून ती जरा आधीच तोडतात आणि तेवढी गोडी व तेवढा वास शेतातच राहून जातो. ज्याचं गिऱ्हाईक जवळच आहे त्या शेतकऱ्याला मात्र आणखी दोन दिवस थांबता येतं. त्या दोन दिवसांसाठीच जवळची स्ट्रॉबेरी शोधायची.

ज्यांनी आजवर ही चव फक्त आईस्क्रीम, जॅम किंवा गुलाबी दुधातूनच घेतली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. आधी एवढंच सांगते, खऱ्या पिकलेल्या स्ट्रॉबेरीत गोडीइतकाच आंबटपणा असतो आणि वास या दोघांपेक्षा मोठा असतो. नुसत्या साखरेच्या अपेक्षेने खाल तर पहिला घास चुकल्यासारखा वाटेल. दुसऱ्या घासापासून तसं वाटणार नाही.

पायरी १: हंगाम आणि पिकवणारा माणूस गाठा

स्ट्रॉबेरीला लख्ख ऊन आणि थंड रात्री मानवतात. अशा हवेत फळ सावकाश पिकतं आणि त्यात गोडी साठत जाते. फार उष्मा झाला की फळं घाईने पिकतात, लहान राहतात, मऊ पडतात. सलग पाऊस झाला की चव पाणचट होते आणि बुरशी लागते. त्यामुळे तुमच्या भागात हंगाम कधी असतो हे विचारा, आणि हंगामातही दोन-तीन कोरडे, उन्हाचे दिवस गेल्यावर खरेदीला जा.

विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: "ही कधी तोडली?" स्वतः पिकवणारा लगेच सांगतो, "आज पहाटे" किंवा "काल संध्याकाळी". उत्तर द्यायला वेळ लागला तर समजून घ्या. दुसरा प्रश्न औषधफवारणीचा. शेवटची फवारणी कधी केली आणि त्यानंतर ठरलेले दिवस थांबून मगच तोडणी केली का, हे विचारण्यात संकोच नको. पातळ सालीचं, सोलता न येणारं हे फळ आहे. ते थेट पोटात जातं. नीट काळजी घेणारा शेतकरी या प्रश्नावर रागावत नाही, उलट आनंदाने सांगत बसतो.

कुठे शेतात जाऊन स्वतः तोडायची सोय असेल तर ती संधी सोडू नका. सकाळी दव वाळल्यावर आणि ऊन तापायच्या आत जा. फळ मुठीत धरून ओढायचं नाही. फळाच्या वर साधारण एक सेंटिमीटर देठ अंगठ्याच्या नखाने आणि तर्जनीने चिमटीत धरायचा आणि खुडायचा. टक् असा बारीक आवाज येतो, फळ तळहातावर येतं, हिरवी टोपी शाबूत राहते. टोपी निघाली की त्या जागेतून रस पाझरू लागतो आणि फळ लवकर बिघडतं. पानाखाली वाकून बघायची सवय लावा, कारण चांगली पिकलेली फळं बऱ्याचदा पानाआड लपलेली असतात आणि घाईने तोडणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेली असतात.

पायरी २: आधी नाक, मग डोळे

डबी हातात घेतली की ती नाकाजवळ न्या. पिकलेल्या स्ट्रॉबेरीचा वास शोधावा लागत नाही. वास येत नसेल तर रंग कितीही सुरेख असो, ती डबी खाली ठेवा. माझ्या मते फळ निवडायचा याहून खात्रीचा उपाय नाही, आणि लोक नेमका हाच विसरतात, कारण लाल रंग डोळ्यांना भुरळ घालतो.

वास पटला की खांद्याकडे बघा. स्ट्रॉबेरी टोकाकडून टोपीकडे पिकत जाते. टोपीखालचा भाग पांढरा किंवा हिरवट असेल तर ती वेळेआधी तोडलेली आहे. (काही वाणांचे खांदे पिकल्यावरही फिके राहतात, पांढऱ्या फळांचेही वाण असतात. अशा वेळी पुन्हा नाकावरच विसंबा.) टोपीची पानं हिरवी, ताठ आणि वर वळलेली हवीत. ती सुकून चिकटली असतील तर फळ जुनं आहे. सालीला चमक हवी, आणि बिया म्हणतो ते कण सालीत नीट बसलेले दिसायला हवेत.

मग डबी उलटी करून तळ बघा. तळाला लाल ओल दिसली तर आत कुठेतरी फळ दबलं आहे. आणि राखाडी कापसासारखी बुरशी एका जरी फळावर असली तरी ती डबी घेऊ नका. बोट्रायटिस नावाची ही बुरशी एका फळावरून शेजारच्या फळावर पसरायला एक रात्र पुरते.

राहता राहिला आकार. मोठं फळ म्हणजे चांगलं फळ, हा समज सोडून द्या. फुलांच्या झुबक्यात जे फूल सर्वांत आधी उमलतं त्याचं फळ सर्वांत मोठं होतं, नंतरच्या फुलांची फळं क्रमाने लहान होत जातात. चवीचा आकाराशी संबंध नाही. फार मोठी फळं कधी कधी आतून पोकळही निघतात. मी तर मध्यम आणि लहान फळांचीच डबी उचलते, आणि सहसा मला पस्तावावं लागत नाही.

पायरी ३: घरी नेताना

उन्हात तापलेल्या गाडीत डबी ठेवून दुसरी कामं करत फिरू नका. स्ट्रॉबेरी तोडल्यावरही श्वास घेत असते, आणि उष्णता वाढली की तो वेग वाढतो, टिकाऊपणा तासागणिक घटतो. खरेदीतलं शेवटचं काम स्ट्रॉबेरीचं असू द्या. डबीवर दुसरं काही ठेवू नका, आणि खोल पिशवीपेक्षा पसरट टोपली बरी.

पायरी ४: साठवणं, म्हणजे शक्यतो न साठवणं

पहिल्यांदा मी शेतावरून दोन किलो आणली होती. हौसेने सगळी एकदम धुतली, टोप्या काढल्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरली आणि फ्रीजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी तळाशी बोटभर गुलाबी पाणी साचलं होतं, फळं लिबलिबीत झाली होती, आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्यावर राखाडी लव आली. निम्मी फेकून द्यावी लागली. ज्या हातांनी वाकून वाकून ती तोडली होती, त्यांचे कष्ट डोळ्यांसमोर आले आणि फार वाईट वाटलं.

त्या दिवशी तीन चुका झाल्या होत्या. फळं आधी धुतली, टोपी आधी काढली आणि हवा कोंडली. तेव्हापासून मी असं करते. घरी आल्याबरोबर डबी परातीत रिकामी करून प्रत्येक फळ बघते. दबलेली, डागाळलेली बाजूला काढून लगेच वापरते. उरलेली न धुता, टोपीसकट, पसरट भांड्यात कोरडा कागद किंवा सुती कापड अंथरून एका थरात मांडते. झाकण सैल ठेवते. आज खायची असतील ती फ्रीजमध्ये जातच नाहीत. उद्या-परवाची फ्रीजच्या सर्वांत थंड भागात ठेवते. व्यापारी साठवणुकीत स्ट्रॉबेरी शून्य अंशाच्या आसपास आणि भरपूर आर्द्रतेत ठेवतात, तिथे ती आठवडाभर निघते. घरच्या फ्रीजमध्ये दोन, फार तर तीन दिवस धरा.

पायरी ५: धुणं

खायच्या आधी, खायची तेवढीच धुवायची. टोपी असतानाच धुवायची, नाहीतर पाणी आत शिरतं आणि चव पातळ होते. चाळणीत घेऊन नळाच्या बारीक धारेखाली हळुवार फिरवा. भिजत घालू नका, साबण तर अजिबात नको. कापडावर पसरून टिपा. टोपी त्यानंतर काढा, तीही सुरीने आडवा काप देऊन नाही. छोट्या सुरीचं टोक टोपीखाली तिरकं घालून गोल फिरवलं की टोपी आणि मधला पांढरा कडक भाग शंकूसारखा अलगद निघतो, गर वाया जात नाही.

पायरी ६: खाणं

इथे मात्र सावकाश चला.

फ्रीजमधली स्ट्रॉबेरी खाण्याआधी अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवा. तिचा वास हवेत सहज उडणाऱ्या कितीतरी द्रव्यांनी मिळून बनलेला असतो आणि थंडीत ती द्रव्यं फारशी उडत नाहीत. थंडगार स्ट्रॉबेरी म्हणजे नाकात बोळे घालून जेवण्यासारखं आहे.

पहिली स्ट्रॉबेरी नुसती खा. साखर, साय, मीठ काही नको. पण खाण्याआधी एक फळ उभं कापून बघा. मधोमध फिकट गाभा दिसतो आणि त्यातून बारीक पांढऱ्या रेषा किरणांसारख्या कडेपर्यंत जातात. प्रत्येक रेष सालीवरच्या एकेका कणापाशी संपते. ज्यांना आपण बिया म्हणतो ते कण खरं तर एकेक स्वतंत्र फळ आहेत. बी त्या कणाच्या आत असते. एका स्ट्रॉबेरीवर असे दोनशेच्या आसपास कण असतात. आपण जो लाल गर खातो तो म्हणजे फुलाचं फुगलेलं आसन. ते फुगतं या कणांमुळेच. 1950 साली जे. पी. निट्श या शास्त्रज्ञाने कोवळ्या स्ट्रॉबेरीवरचे कण काढून टाकले, तर गराची वाढ थांबली. कणांच्या जागी ऑक्सिन हे वनस्पतींचं वाढद्रव्य लावलं, तर गर पुन्हा वाढू लागला. वेडंवाकडं, एका बाजूने चिमटलेलं फळ दिसलं तर समजा की त्या बाजूच्या कणांपर्यंत पराग पोचले नाहीत. फळ खराब नसतं, बिनधास्त खा.

आता चवीचं. टोकाकडचा भाग सर्वांत गोड आणि टोपीकडचा सर्वांत सौम्य असतो. बहुतेक लोक टोपी धरून टोकाकडून खातात, म्हणजे शेवटचा घास सर्वांत फिका. टोपी काढून त्या बाजूने सुरुवात करून बघा, गोडी घासागणिक वाढत जाते. ज्यांना ज्यांना मी हे करायला लावलं, त्यांनी दुसरं फळ स्वतःहून तसंच उचललं.

दोन-चार नुसती खाऊन झाली की मग प्रयोग करा. फळं थोडी आंबट असतील तर चिरून त्यांवर चमचाभर साखर भुरभुरवा आणि वीस मिनिटं झाकून ठेवा. साखर फळातलं पाणी बाहेर ओढते आणि वाटीत गडद लाल पाक जमतो, त्यासाठी आगही लागत नाही. त्यात चार थेंब लिंबू पिळलं की रंग आणखी उजळतो, कारण हा लाल रंग आंबटात खुलतो. फार गोड पण सपक फळांना चिमटीच्या टोकाइतकं मीठ किंवा ताजी भरड मिरपूड लावून बघा. मिरपूड ऐकून नाक मुरडू नका, एका फळावर तरी लावून पाहाच. घट्ट साय किंवा ताजं, आंबट नसलेलं दही यांच्याशी स्ट्रॉबेरीचं फार जमतं, कारण स्निग्धांश आंबटपणाची धार बोथट करतो आणि वास तोंडात रेंगाळत ठेवतो.

पोटाला ती जड नाही. शंभर ग्रॅम स्ट्रॉबेरीत सुमारे 91 ग्रॅम पाणी, ऊर्जा साधारण 32 कॅलरी, आणि क जीवनसत्त्व जवळपास 59 मिलिग्रॅम, म्हणजे संत्र्याच्या तोडीस तोड. पण काहींना स्ट्रॉबेरीची अॅलर्जी असते. ओठ-जीभ खाजली, अंगावर गांधी उठल्या तर खाणं थांबवा, सूज किंवा धाप लागली तर लगेच डॉक्टरांकडे जा. लहान बाळांना अख्खं फळ देऊ नका, बारीक कापून किंवा कुस्करून द्या.

पायरी ७: उरलीच तर

गोठवायची असेल तर धुऊन, पूर्ण कोरडी करून, टोपी काढून ताटात एकमेकींना न चिकटता मांडा आणि फ्रीजरमध्ये ठेवा. दगडासारखी झाली की पिशवीत भरा, हवा दाबून काढा. उणे 18 अंशांना सात-आठ महिने चव चांगली राहते. बर्फ सुटल्यावर मात्र ती मऊच होते, कारण आतल्या पाण्याच्या बर्फाने पेशी फुटलेल्या असतात. ती दुधात घुसळायला किंवा शिजवायला वापरा.

जॅम करायचा तर एक किलो फळाला 650 ग्रॅम साखर आणि दोन लिंबांचा रस घ्या. स्ट्रॉबेरीत पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारं द्रव्य, कमी असतं, म्हणून लिंबू हवंच, त्याशिवाय जॅम धरत नाही. फळं चिरून साखरेत रात्रभर मुरवा. सकाळी पसरट स्टीलच्या पातेल्यात मोठ्या आचेवर उकळा. अॅल्युमिनियम किंवा लोखंड नको, रंग काळवंडतो. फेस काढत राहा. फ्रीजमध्ये गार केलेल्या बशीवर थेंब टाका, बोटाने सारला की सुरकुती पडली पाहिजे. थर्मामीटर असेल तर 104-105 अंशांवर थांबा. साखर कमी असल्याने हा जॅम फ्रीजमध्येच ठेवा. दबलेली, पण न कुजलेली फळं यासाठी उत्तम. बुरशी लागलेली मात्र "तेवढा भाग काढून" वापरायची नाहीत.

पायरी ८: एक कुंडी

जवळची म्हणजे किती जवळची, तर खिडकीतलीही चालेल. रोज सहा ते आठ तास ऊन, किमान 20 सेंटिमीटर खोल आणि तळाला भोकं असलेली कुंडी, आणि कंपोस्ट मिसळलेली, पाणी न धरणारी, किंचित आम्लधर्मी माती एवढं पुरे. रोप लावताना चूक होते ती एकाच ठिकाणी. पानं जिथून फुटतात तो जाडसर भाग, ज्याला क्राऊन म्हणतात, तो मातीच्या बरोब्बर पातळीवर हवा. गाडला तर सडतो, उघडा पडला तर मुळं सुकतात.

सुरुवातीची फुलं खुडून टाका, म्हणजे रोप आधी मूळ धरेल. हे जिवावर येतं, पण करा. पाणी पानांवर नाही, बुडाशी. फळं मातीला टेकू नयेत म्हणून खाली वाळलेलं गवत पसरा. फूल उमलल्यापासून फळ लाल व्हायला साधारण चार आठवडे लागतात. मधमाश्या येत नसतील तर मऊ ब्रश फुलाच्या मध्यावर रोज हलकेच फिरवा.

परागाचं महत्त्व या फळाच्या जन्मकथेतच आहे. फ्रेझिए नावाचा फ्रेंच लष्करी अभियंता 1714 साली चिलीहून मोठ्या फळांच्या स्ट्रॉबेरीची रोपं घेऊन फ्रान्सला परतला. लांबच्या सागरी प्रवासातून पाच रोपं जगली. पण ती सगळी मादी होती, त्यामुळे फुलं येत, फळ धरत नसे. पुढे त्यांच्याजवळ उत्तर अमेरिकेतली लहान, सुवासिक स्ट्रॉबेरी लावली गेली, तिचा पराग लागला आणि फळं आली. त्या संकरातूनच आजची बागेतली स्ट्रॉबेरी जन्मली. 1766 साली द्युशेन या तरुण फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञाने हे नातं ओळखून मांडलं. आजच्या वाणांची फुलं द्विलिंगी असतात, एकच रोप पुरतं, पण पराग पसरवायला माशी, वारा किंवा तुमचा ब्रश लागतोच.

हंगाम ओसरताना रोपातून लांब, बारीक दोऱ्या निघतात आणि त्यांच्या टोकाला चिमुकली पानं फुटतात. त्यांना रनर म्हणतात. असं टोक शेजारी ठेवलेल्या छोट्या कुंडीत टेकवा आणि तारेच्या आकड्याने दाबून ठेवा. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. पान हलकेच ओढून बघा, रोप घट्ट लागलं की दोरी कापा. जुनं रोप दोन-तीन वर्षांत थकतं, त्याची जागा हे नवं घेईल. एकापेक्षा जास्त निघाली तर शेजारी द्या, आणि क्राऊन मातीत गाडू नका एवढं आठवणीने सांगा.